आदल्या दिवशी ये

प्रिय भिंगरी,

तुझा मेसेज मिळाला. तीनदा वाचला, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. 'बाबा, एकोणीस तारखेला आम्ही तिघं बोटीच्या सफरीला निघतोय. बोट तुमच्याच धक्क्यावरून सुटते. सकाळच्या विमानानं अकरा वीसला उतरू आणि थेट टर्मिनलवर जाऊ. जमलं तर तुम्ही तिथे या, भेट होईल.' पाच वर्षांनी माझी लेक माझ्या गावात येणार, आणि मी तिला भेटायला टर्मिनलवर जायचं, तेही जमलं तर! जमेल बाई, न जमायला काय झालं? रिटायर माणसाला दुसरे उद्योग काय असतात? पण त्याआधी मला तुझ्याशी भांडायचंय. फोनवर आपल्याला भांडता येत नाही. तिकडे ऊन आहे का, इकडे गारठा आहे, एवढं बोलून आपण फोन ठेवतो. म्हणून कागद घेऊन बसलोय.

बोट सुटायच्या दिवशीच विमानानं येणं हा शुद्ध वेडेपणा आहे. हे तुला कोण सांगतंय? एकतीस वर्षं त्याच टर्मिनलच्या काउंटरवर बसलेला माणूस सांगतोय. तिकिटावर लिहिलंय पाच वाजता. पण काउंटर साडेतीनला बंद होतो, कारण तेव्हा प्रवाशांची यादी बंदराच्या ऑफिसात जाते, आणि एकदा यादी गेली की त्यात नाव घालता येत नाही, मग भले कप्तानाचा सख्खा भाऊ का येईना. तू म्हणशील, अकरा वीस ते साडेतीन म्हणजे चार तास आहेत की. कागदावर आहेत. सामान यायला पाऊण तास धर, रस्त्याला सव्वा तास, उरले दोन. या दिवसांत सकाळी धुकं पडतं आणि विमानं वरच्या वर घिरट्या घालत बसतात, दोन तास कधी गेले ते कळतसुद्धा नाही. जावईबापू म्हणतील, चुकलीच तर पुढच्या बंदरात गाठू. तुमची बोट आधी दोन दिवस नुसती पाण्यात असणार आणि मग परक्या देशात लागणार. तिथे कोणते कागद लागतात ते त्यांना विचारून बघ. आणि बॅगांचं काय? एका गृहस्थांची बॅग भलत्याच विमानानं गेली, तर बिचारे आठ दिवस एका शर्टावर फिरून आले. परत आले तेव्हा तो शर्ट आम्ही लांबूनच ओळखला.

आठवतं ना, ऑफिसात माझं नावच 'आदला दिवस' पडलं होतं. जो येईल त्याला मी तेच सांगायचो, आदल्या दिवशी या, रात्री गावात झोपा, सकाळी आरामात बोटीवर चढा. तू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचीस आणि माझाच आवाज काढून मला बजावायचीस, 'ए बाबा, आदल्या दिवशी यायचं, समजलं?' तुझी आई हसून हसून बेजार व्हायची. हल्ली तू मला 'अहो बाबा' म्हणतेस. मोठी झालीस, पोरीची आई झालीस, म्हणून असेल असं मी स्वतःला समजावत होतो.

एका मास्तरांची गोष्ट तुला सांगितली होती का आठवत नाही. रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन पहिल्यांदाच बोटीनं निघाले होते. विमानाला उशीर झाला आणि दोघं चारला दहा कमी असताना धापा टाकत आले. यादी गेलेली होती. आमच्या काउंटरच्या मागे मोठी काच आहे, तिच्यातून बोट अगदी समोर दिसते. वरच्या मजल्यावरचे लोक हात हलवत असतात, आणि पाच वाजेपर्यंत ती तशीच उभी असते. दिसते, पण जाता येत नाही. मास्तर हमरीतुमरीवर आले. बाई मात्र बाकावर बसल्या, पिशवीतून नव्या कोऱ्या चपला काढल्या, पायात घातल्या आणि म्हणाल्या, 'इथवर आणल्यात तर घालते.' मी त्यांना चहा आणून दिला, आणि सवयीप्रमाणे म्हणालो की आदल्या दिवशी यायला हवं होतं. घरी येऊन तुझ्या आईला मी हे सगळं सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, 'ज्याची बोट सुटली त्याला चहा द्यावा आणि आपण गप्प बसावं. चूक त्याला कळलेली असते.' त्यानंतर मी काउंटरवर तरी ते वाक्य कुणाला ऐकवलं नाही.

घराचं म्हणशील तर सगळं ठीक आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर पत्र बघून तुझ्या मनात भलतंसलतं यायचं. तुझ्या खोलीत मी माझी हत्यारं आणि जुने रेडिओ भरून ठेवले होते, ते सगळे बाहेर काढले. खिडकी अडकायची, ती तासून घेतली, आता एका बोटानं उघडते. स्वयंपाकघरातलं ते तुझं स्टूल मात्र नातीसाठी घेतलंय. त्याचे पाय कापून बुटकं केलं आणि बेसिनपाशी ठेवलं, तिला तोंड धुवायला. उंची अंदाजानं धरलीय. व्हिडिओवर पोरीची उंची काही कळत नाही गं. चार वर्षांची नात, आणि आजोबाला ती कुठपर्यंत येते तेही माहीत नाही! तुझ्या खोलीतून बेसिनपाशी आणि परत, असा मी गेले आठ दिवस नुसता घिरट्या घालतोय. शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलंसुद्धा, पाहुणे येणार आहेत का म्हणून. मी म्हटलं, बघू.

आता जे लिहायचंय ते लिहितो. तू बुक केलेलं विमान, सकाळचं, अकरा वीसचं, तेच विमान आहे भिंगरी. त्या मंगळवारचं.

आदल्या दिवशी, सोमवारी, हॉस्पिटलात सकाळच्या फेरीला डॉक्टर मला तुझ्या आईच्या खोलीबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. दुपारी बाराला तुझा फोन आला. तू सरळ विचारलंस, 'ए बाबा, आज संध्याकाळच्या विमानानं निघू का?' आणि मी काय म्हणालो? 'नको गं, एवढी घाई कशाला. उद्या सकाळचं घे, निवांत ये.' साऱ्या जगाला आदल्या दिवशी या म्हणून सांगणारा मी, आणि पोटच्या पोरीला म्हणालो, उद्या ये. का म्हणालो, याचं उत्तर मी पाच वर्षं शोधतोय. तुला तातडीनं बोलावलं असतं तर डॉक्टरांचं म्हणणं खरं झालं असतं, एवढंच मला सापडलं. मी भ्यालो होतो. मंगळवारी धुकं पडलं. तू हॉस्पिटलात पोचलीस तेव्हा तिला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. बॅग हातातच, केस विस्कटलेले, अशी तू त्या व्हरांड्यातून धावत आलीस. आणि मी मावशीसमोर, सगळ्या नातेवाइकांसमोर तुला म्हणालो, 'एक दिवस आधी निघता आलं नाही तुला?'

तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. फोनवर मी काय बोललो होतो ते तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं, तिसऱ्या कुणालाही नाही. तू एका शब्दानं तोंड उघडलं नाहीस. चार दिवस राहिलीस, आल्यागेल्याचं केलंस, आईच्या साड्या घड्या घालून ठेवल्यास आणि गेलीस. त्यानंतर मावशी येईल जाईल त्याला सांगत राहिली की पोरीला आईसाठी वेळ काढता आला नाही. ते मी समोर बसून ऐकलं. एकदाही म्हणालो नाही की अगं, मीच तिला थांबवलं होतं. तू माझी लाज राखलीस आणि मी तुझी राखली नाही.

परवा रविवारी मी मावशीला चहाला बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. तिनं मला असं काही फैलावर घेतलं की विचारू नकोस. चहा न पिताच उठली, दारापर्यंत गेली, परत आली, खुर्चीत बसून रडली, आणि मग तो गार झालेला चहा प्यायली. तिला तुला फोन करायचाय. मी म्हटलं, थांब, आधी माझं पत्र जाऊ दे.

आणखी एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही, ती फक्त तुझी आहे आणि ती सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं. त्या मंगळवारी तुझी आई सकाळपासून समोरच्या घड्याळाकडे बघत होती. अकरा वीस होऊन गेले तेव्हा मी काळजीनं पुटपुटायला लागलो, तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, 'तिला रागावू नका हं. ती निघालीय ना? मग माझ्या दृष्टीनं पोचलीच. एवढं तिला सांगा.' त्यानंतर ती फार बोलली नाही. तो निरोप मी तुला त्या व्हरांड्यातच द्यायचा होता. त्याऐवजी भलतंच बोलून बसलो, आणि एकदा तसं बोलल्यावर हे कुठल्या तोंडानं सांगणार? पाच वर्षं तुझ्या आईचा शब्द मी दाबून ठेवला. आज पोचवतोय. तू पोचली होतीस, भिंगरी. तिच्या दृष्टीनं तू वेळेवर आली होतीस. याची माफी मला एका रात्रीत मिळावी असं म्हणत नाही, पण अठरा तारखेची एक रात्र मला दे. तेवढं तिकीट बदल. खोली तयार आहे, खिडकी उघडते, आणि त्या स्टुलाची उंची चुकली असेल तर पोरीला समोर उभी करून नीट करता येईल. नाहीच जमलं तर एकोणीसला अकरापासून मी काचेपाशी उभा आहेच. विमानाला उशीर झाला तर बोट मला थांबवता येणार नाही, पण या वेळी मी तुला चहा देईन आणि गप्प बसेन. मात्र होता होईल तो आदल्या दिवशी ये.

तुझाच,
ए बाबा