न दिलेला शह

परळ, माघ वद्य पंचमी, शके १८१७

नुसत्या प्याद्याचा एक शह आधी दिला असता, तर आज यमुनेला माहेराहून घेऊन आलो असतो.

गिरगावात सासरेबुवांशी पट मांडला होता. मी हरलो तर ती पाडव्यापर्यंत तिथेच, ही बोली त्यांचीच. कचेरीतल्या साहेबाकडून शिकलेला डाव मी टाकला आणि वजीर मारायला दिला. त्यांनी तो हत्तीने मारला. मी घोडा सरकवला. पुढच्या चालीला मात नक्की. सासरेबुवांनी पान चघळत राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला.

शह न बसलेला राजा आपल्याकडे एकदा घोड्यासारखी उडी मारतो. लहानपणापासून ठाऊक असलेलं विसरलो कसा? एक शह बसला की उडी बंद. ते प्यादं तर समोरच होतं.

"जावईबापू, साहेबाचा राजा उडत नसेल," ते म्हणाले, "गिरगावातला उडतो."

वजीर गेल्याचं एवढं काही नाही. पण तेवढ्यात दाराआडून यमुना हसली. परळपर्यंत तेच हसू कानात. तिला यायचं तरी होतं का?