चौदा मार्चची गिऱ्हाइकं

२ मार्च, सोमवार
आजची मीटिंग गाजवली. हेड ऑफिसचा नवा नियम: अठरा वर्षांवरच्यांचे व्हिडिओ गेम लहान मुलांना विकले, तर शिक्षा दुकानाला नाही, विकणाऱ्याला. नोकरी जाणार, वर पोलिसांत नाव. काउंटर दोनवाली उसळली. म्हणाली, बंदूकवाल्या गेमची जाहिरात कंपनी लावणार मुलांच्या उंचीवर, आणि फासावर आम्ही का? मी उभा राहिलो. म्हणालो, शिक्षा झालीच पाहिजे, आणि दुसरी संधी मुळीच देऊ नये. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.
सोळा तारखेला माझं परमनंटचं पत्र आहे. ही तिसरी नोकरी. हीसुद्धा गेली तर मेहुण्याच्या फॅक्टरीत, त्याच्या हाताखाली, खोकी चिकटवायची. पण कर नाही त्याला डर कशाला?

४ मार्च, बुधवार
मनाला उगाच बारीकशी टोचणी. असा गेम विकताना मशीन गिऱ्हाइकाची जन्मतारीख मागतं. भरल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. मागे ही रांग. प्रत्येकाला कुठे विचारत बसणार? मी माझीच भरतो. १४ मार्च १९७९. बोटांना पाठ आहे. यात फसवणूक नाही. तारीख खरी आहे, फक्त माणूस वेगळा. बिलाच्या मेसेजसाठी मोबाइल नंबर लागतो, तो मात्र विचारल्याशिवाय कधीच भरत नाही. पोरं आईचा नाहीतर बाबांचा देतात. तत्त्व म्हणजे तत्त्व.
उद्यापासून प्रत्येकाला वयही विचारणार. ठरलं.

५ मार्च, गुरुवार
सकाळी ११. पहिलं गिऱ्हाईक, कवळी लावलेले आजोबा. ओळखपत्र मागितलं. त्यांनी तक्रारवही मागितली.
दुपारी ४. रांग दारापर्यंत. १४ मार्च. १४ मार्च. १४ मार्च. सोमवारपासून नक्की.

९ मार्च, सोमवार
शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात. हातात चित्र. 'माझी सुट्टी' असा विषय दिला होता. सहावीतल्या एका मुलीने मुंडकं उडालेला माणूस काढलाय. रक्ताला तीन वेगवेगळे लाल. गेम आमच्याच दुकानातला. विकला कोणी ते ती सांगत नाही. काका चांगले आहेत, एवढंच म्हणते. साहेबांनी विचारलं, कोण हा काका? मी म्हणालो, शोधून काढलाच पाहिजे.
मला ती आठवते. दोन वेण्या, पाठीला दप्तर. बाबांसाठी भेट आहे म्हणाली. मी फुग्यांच्या कागदात बांधून दिला होता. खरं-खोटं माझ्या मनातही आलं नाही. रांग होती, एवढंच दिसत होतं.
जेवण गेलं नाही. भीती वाटते.

१० मार्च, मंगळवार
सोळालाच हेड ऑफिसच्या मॅडम येऊन रेकॉर्ड तपासणार. माझ्या काउंटरची पाच महिन्यांची गिऱ्हाइकं, झाडून सगळी एकाच दिवशी जन्मलेली. योगायोग म्हणता येईल का? जगात एका दिवशी लाखो माणसं जन्मतात. ती सगळी आमच्याच दुकानात येतात हे पटवणं जरा जड जाईल. तारखा बदलायला गेलो. मशीन बदलू देत नाही.
संध्याकाळी काउंटर दोनवालीला सहज विचारलं, मध्यंतरी माझ्या काउंटरवर तूच बसत होतीस ना? ती म्हणाली, दादा, तुम्ही रोज काय टाइप करता ते मला इथून दिसतं. मी कुणाला बोलले नाही, बोलणारही नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
परवा कबूल करणार. उद्या साहेबांची सुट्टी आहे.

१२ मार्च, गुरुवार
कबूल करायला केबिनमध्ये गेलो. तोंड उघडायच्या आत साहेबांनी पोस्टर उलगडलं. त्यावर मी. बोट वर केलेलं. खाली मोठ्या अक्षरांत, 'मी वय विचारतो!' माझ्या मीटिंगमधल्या भाषणाने मॅडम इतक्या खूश झाल्यात, की शनिवारीच येऊन स्वतःच्या हाताने ते लावणार. माझा वाढदिवस म्हणून केकही. मी म्हणालो, कशाला उगाच.
घरी हिने विचारलं, चेहरा का उतरलाय? परमनंटचं टेन्शन, म्हणालो. तिने लगेच भावाला फोन लावला. यांच्यासाठी ठेवलेली जागा आता खुशाल दुसऱ्याला दे म्हणाली. किती आनंदात होती. मी शेजारी बसून मान डोलावली.

१४ मार्च, शनिवार
सकाळी ९. मोबाइलवर दुकानाचाच मेसेज. सत्तेचाळिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आज हा मेसेज दाखवा आणि कोणताही गेम निम्म्या किमतीत घेऊन जा. किती आपुलकीची कंपनी! डोळे भरून आले.
९.०५. अरे देवा. हा मशीनने पाठवलाय. तारीख बघून.
११. शटर उघडलं तर रांग कोपऱ्याच्या पुढे. पोरं, पोरांच्या आया, हातात मोबाइल. पोस्टर नुकतंच लागलं होतं. त्याच्या खाली उभं राहून मॅडमनी एकेकाला वय विचारलं. नऊ. अकरा. बारा. दोन वेण्यांचे बाबाही आले होते, जेमतेम पस्तिशीचे. मला सत्तेचाळीस कुणी केलं, असं विचारत होते. पोरीने मला बघून हात हलवला. म्हणाली, काका, तुमचाही आजच वाढदिवस?
साहेबांनी वही उघडली. दुसरी संधी मुळीच देऊ नये. मॅडमनी विचारलं, ही सूचना कोणाची? मी हात वर केला. पोस्टरवरही तोच हात.
केक काउंटर दोनवालीने कापला आणि पोरांना वाटला.
रात्री ८. हिला सगळं सांगितलं.  तिने भावाला फोन केला. चिकटवायची जागा गेली म्हणाला, खोकी उचलायची आहे. त्याने मोबाइलवर फॉर्म पाठवला. ही विचारत होती, मी सांगत होतो.  जन्मतारीख तिने न विचारताच भरली.