मराठीत मागितलेला पासवर्ड

तीर्थस्वरूप तात्यामामांच्या पायांवर सूर्यकांतचं डोकं.

तुमचा गुडघा आता काय म्हणतोय? मामीचं पथ्य चालू आहे ना? इथे गाझियाबादेत हवा नेहमीचीच, म्हणजे खिडकीतून समोरची इमारत दिसली तर तो दिवस चांगला समजायचा. पोस्टाने आलेलं पत्र बघून दचकू नका. आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बंद आहेत, ते माझ्यामुळे बंद आहेत, आणि हे फोनवर सांगायची मला हिंमत होत नाही.

झालं असं, की साहेबांनी मला माहिती-सुरक्षेचा प्रमुख नेमलं (त्या मीटिंगला मी एकटाच वेळेवर पोहोचलो होतो, एवढीच माझी लायकी). मी हुरळलो. ‘पासवर्ड कोणालाही सांगू नका’ असे हिंदी फलक जिन्यापासून स्वच्छतागृहापर्यंत लावले. शर्माजींनी पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवली होती, तर त्यांना सगळ्यांदेखत झापलं. आणि एका दुपारी फोन आला. ‘नमस्कार, मी विलास, मुख्यालयाच्या कॉम्प्युटर विभागातून. तुम्ही मराठी ना?’ मामा, आमची सौ. द्वारका लेकीच्या, सुकन्याच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्यापासून माझ्याशी मराठीत कोणी धड बोललं नव्हतं. मी विरघळलोच. करोल बागेत मनासारखा गोडा मसाला मिळत नाही इथून सुरुवात झाली ती पानिपतापर्यंत गेली (दिल्लीत दोन मराठी माणसं भेटली की पानिपत निघतंच). जेवलात का, असंही त्याने विचारलं. मग जाता जाता पासवर्ड मागितला. मी दिला. मोबाईलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला, आणि वर ‘एकदा घरी या पिठलं खायला’ असं आग्रहाचं आमंत्रणही दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्या फायलींना कुलूप, किल्ली त्या विलासकडे. साहेबांनी संशय घेतला तो चेतनावर. ती कंत्राटी ऑपरेटर, कधीमधी घरचा पेन ड्राइव्ह लावायची. ‘सूर्यकांतजी, लड़की को सोमवार से मत बुलाइए,’ म्हणाले, आणि चौकशीचा अहवाल लिहायला सांगितला तो मलाच. सुरक्षाप्रमुख ना मी! तिच्या पगारावर तिचं घर चालतं. निघताना तिने विचारलं, ‘अंकल, आप तो जानते हैं ना, मैंने कुछ नहीं किया?’ मी ‘बिल्कुल, बेटा’ म्हणालो आणि फाईलमध्ये डोकं घातलं. मामा, मला स्वतःची फार लाज वाटते. येत्या सोमवारी साहेबांना सगळं खरं सांगून टाकणार आहे.

तुमचा भाचा,
सूर्यकांत

ता.क. पत्र ड्रॉवरमध्येच राहिलं. तो सोमवार होऊन गेला. चेतनाची खुर्ची रिकामी आहे.

ता.क. २. म्हणून एक विनवणी. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ऑफिसात पोहोचलो की फोन करा आणि ‘साहेबांना सांगितलंस का?’ असं चांगलं दरडावून विचारा. हे कसं झालं, असं हिंदीत रोज कोणीतरी विचारतं, त्यांना मी टोलवतो. मराठीत विचारलं की मी सगळं सांगून टाकतो.