वरच्या खोलीवर हरकत

४ फेब्रुवारी

हरकत! आमच्या अर्जावर कोणीतरी हरकत घेतली! पालिकेच्या खिडकीतली कारकूनबाई थंडपणे म्हणाली, "काका, आता तपासणी झाल्याशिवाय परवाना नाही." कोणाची हरकत? "नाव सांगता येत नाही." का नाही सांगता येत? तीही सामील असणार.

वरची खोली पाहुण्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायची, एवढंच तर मागतोय. जिना वेगळा, न्हाणीघर वेगळं, रंग ताजा. कारखान्याने घरी बसवल्यापासून दुसरा आधार तरी कोणता आहे? फाटकावर पालिकेने अर्जाची नोटीस लावली त्या दिवसापासून सगळी गल्ली गोड बोलायला लागली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

५ फेब्रुवारी

दुर्बीणबाई असेल. समोरच्या खिडकीतून हलत नाही. आमच्याकडे कोण आलं हे आमच्याआधी तिला कळतं. किंवा नाक्यावरचा लॉजवाला – आमच्याकडे पाहुणे उतरले की त्याच्या पोटावर पाय! हिच्या भावालाही मी सोडणार नाही. "भावजी, घराची धर्मशाळा करू नका," असं तोंडावर म्हणाला होता.

हिला सगळं समजावून सांगितलं. ही भाजी चिरत होती. "असेल कोणीतरी," म्हणाली. हिला कशाचंच काही नाही.

८ फेब्रुवारी

ही दुपारची वरच्या खोलीत जाऊन बसते. आज मागोमाग गेलो. खुर्चीत बसली होती, खिडकीकडे तोंड करून. काय करतेस? "काही नाही." काही नाही करायला जिना कशाला चढायचा? तपासणी तोंडावर आली, भिंतीला हात लागतील, चादर चुरगळेल. कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

ही जिना उतरून स्वयंपाकघरात गेली. समजूतदार आहे.

९ फेब्रुवारी

साखर लवकर संपली. हिला विचारलं. पुन्हा विचारलं. ही ओट्यावरचं पातेलं मोरीत रिकामं करायला गेली.

११ फेब्रुवारी

जन्मभर स्टोअरकीपर होतो, उगाच नाही. स्टोअरमध्ये चोर धरायची माझी एक पद्धत होती. प्रत्येकाला वेगळी थाप मारायची. जी थाप फिरून साहेबांकडून परत आली, ती ज्याला मारली तो चोर! हरकतीची मुदत अजून संपलेली नाही, म्हणजे हा गृहस्थ पुन्हा लिहिणारच.

दुर्बीणबाईला सांगितलं, वर खाटा टाकून पोरांची टोळकी उतरवणार. लॉजवाल्याला सांगितलं, राहण्याबरोबर जेवणही देणार. चेहरा पडला त्याचा! मेहुण्याला फोन करून सांगितलं, गच्चीवर गाणीबजावणी ठेवणार.

हिला हे सांगितलं तर हसली. बऱ्याच दिवसांनी. "आणि मला कोणती थाप मारलीत?" म्हणाली. तुला कशाला थाप! घरातल्या माणसाला!

१८ फेब्रुवारी

इन्स्पेक्टर येऊन गेला. मी खाटा, जेवण, गाणी – तिन्हींची उत्तरं पाठ करून उभा. त्याने एकही विचारलं नाही. वरसुद्धा गेला नाही आधी. फाटकातून आत आला आणि म्हणाला, "स्वयंपाकघर कुठंय?"

सरळ ओट्यापाशी गेला आणि वर बघितलं. छताला सुपाएवढा पिवळा डाग. वर नळ सोडला की खाली ठिबकतं म्हणे. हरकतीत तसं लिहिलंय! ओट्यावर डागाच्या बरोबर खाली पातेलं. मी ते रोज बघतो. पातेलं ओट्यावर नसेल तर कुठे असेल, असं वाटायचं. "हे इथे कधीपासून?" त्याने हिला विचारलं. "मुलीचं लग्न झालं त्याच्या आधीपासून," ही म्हणाली.

माझ्या घराचं छत गळतं हे मला पालिकेने सांगावं! नाक कापलं गेलं. गळती काढा, मग बघू, म्हणाला आणि गेला.

हिला म्हटलं, मला सांगायचं नाही का? "सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

१९ फेब्रुवारी

म्हणजे आतली बातमी बाहेर गेली आहे. हिला विचारलं, आपल्या स्वयंपाकघरात कोण कोण येतं?

"मी."

आणखी?

"मीच."

हिच्या लक्षात राहत नाही काही. कोणीतरी आलं असणारच.

२० फेब्रुवारी

सापडला! दुर्बीणबाईने फाटकाशी गाठून सांगितलं, "तुमच्या मंडळी गेल्या महिन्यात लॉजवर गेल्या होत्या. चांगल्या बसल्या होत्या तिथे." मेहुणा सुटला, दुर्बीणबाई सुटली. लॉजवाल्याने हिला बोलावून गोड बोलून सगळं काढून घेतलं. ही भोळी, कोणी पाणी विचारलं तरी विरघळते. हिला आत्ताच काही बोलत नाही. उद्या आधी त्याला बघतो.

२१ फेब्रुवारी

गेलो. चारचौघांत विचारलं – माझ्या बायकोकडून घरातल्या गोष्टी काढता? लाज नाही वाटत?

तो चिडला नाही. मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं. "काका, मी नव्हतं बोलावलं. त्याच आल्या होत्या. महिन्याच्या भाड्याने खोली मिळेल का, विचारत होत्या. मला वाटलं, कोणी पाहुणे यायचेत. तर म्हणाल्या, नाही, एकटीसाठी हवीय."

मी म्हटलं, ती थट्टा करत असेल. "तीनदा आल्या काका," म्हणाला.

हरकत कोणाची, हे आता कोणाला विचारायला नको. वरची खोली हिला हवी होती. मी तिला कुलूप लावलं.

त्याच्याकडे एकही खोली रिकामी नव्हती. म्हणून ही अजून घरात आहे.