चिंधीची बादली आणि मागचे अंगण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणतीस, अविवाहित, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. वाटणीला लागण्याआधी एक चूक दुरुस्त करते, कारण तिच्यामुळे आधीचा कागद फाडावा लागला.

दिनांक ६ मे २०२६ रोजी केलेल्या माझ्या पहिल्या मृत्युपत्रात, कलम ४ मध्ये, मी असे लिहिले होते की मागच्या अंगणातले लिंबाचे झाड माझ्या वहिनीने साबणाचे पाणी घालून मारले आणि विचारल्यावर ती धडधडीत खोटे बोलली. पाणी तिने घातले, हे खरे. झाड मेले, हेही खरे. पण ती खोटे बोलली नाही. झाड माझ्यामुळे मेले. ते मृत्युपत्र मी संपूर्ण रद्द करते. हे शेवटचे समजावे.

कलम १. कारण.

गुरुवार, २८ मे रोजी माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. घरी सगळे हसतात. दादा (माझा थोरला भाऊ) म्हणाला, "अगं मोजपट्टी, खडे काढायला चाललीस की लढाईवर?" मोजपट्टी हे माझे घरातले नाव. पण इस्पितळाने जो कागद सहीला दिला त्यात अकरा धोके छापलेले आहेत. मी सातव्याबद्दल विचारले तर भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "हे एवढं कोणी वाचत नाही हो." कोणी वाचत नाही तर छापता कशाला? तेही कागदाच्या एकाच बाजूला, चार पाने! मी मागच्या कोऱ्या बाजू मागून घेतल्या. हे मृत्युपत्र त्यांच्यावरच लिहिले आहे. त्यामुळे मागे धोके दिसतील, त्यांकडे लक्ष देऊ नये.

कलम २. मला हे कोणी शिकवले.

शाळेत जाण्याआधीची माझी शाळा मागच्या नळावर भरत असे. आई कपडे धुवायची आणि मी तांब्याने पाणी मोजायचे. आकडे, बेरीज, वजाबाकी मी तिथेच शिकले. आईच्या दोन हिरव्या बादल्या होत्या, एकाच दिवशी घेतलेल्या, अगदी सारख्या. एकीत कपडे भिजवून काढलेले साबणाचे पाणी. ते संडासात नाहीतर फरशी पुसायला. दुसरीत शेवटी खळबळलेले पाणी. ते लिंबाला. साबणाच्या बादलीच्या कडीला आई एक चिंधी बांधून ठेवायची. नियम एकच: चिंधीची बादली झाडाजवळ न्यायची नाही. दादाला हा नियम आजही माहीत नाही. तो छत्तीस वर्षांचा आहे, गाडी चालवतो, कार्यालयात तीस माणसांना कामे वाटून देतो, आणि घरातले पाणी कुठे जाते हे त्याला सांगता येत नाही. याचा मला राग आहे आणि तो मी नोंदवून ठेवते.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा आईने तिला हा नियम पहिल्या आठवड्यात सांगितला. तिने तो पाच वर्षे पाळला. आई गेली त्या दिवसाचे कपडेही तिने तसेच धुतले.

कलम ३. नेमके काय झाले.

फेब्रुवारीत खळबळीच्या बादलीची कडी तुटली. बादली चांगली, नुसती कडी गेलेली. दादा म्हणाला, "टाक ना ती, नवीन आणू." याच वाक्याने निम्मे जग उकिरडा झाले आहे. मी टाकली नाही. जास्त ओझे खळबळीच्या बादलीला उचलावे लागते, म्हणून साबणाच्या बादलीची धड कडी काढून तिला बसवली, आणि साबणाच्या बादलीला जाड तारेची कडी केली. काम उत्तम झाले. मी स्वतःवर खूश होते.

चिंधी धड कडीला होती. ती कडीबरोबर गेली.

मला काही अडले नाही. साबणाच्या बादलीची कड एका जागी उडालेली आहे आणि मी लहानपणापासून ती त्या टवक्यावरून ओळखते. मग १ मार्चला मी सहा आठवड्यांसाठी कामाच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी गेले. वहिनी कपडे मी नळाखाली ठेवून गेलेल्या टवक्याच्या बादलीतच भिजवायची, पण पाणी ओतताना चिंधी बघत राहिली. चिंधीची बादली संडासात, बिनचिंधीची लिंबाला. रोज, सहा आठवडे, ऐन उन्हात, न चुकता. तिने आळस केला असता तर झाड वाचले असते.

मी परत आले तेव्हा पाने गळालेली होती आणि बुंध्याभोवती मातीवर पांढरा थर होता. मी माती प्रयोगशाळेत नेली. क्षार भरमसाट, सोडा भरमसाट. आकडे बरोबर होते. त्या आकड्यांचा कागद हातात घेऊन मी अंगणात उभी राहिले, दादा होता, कुंपणापलीकडे शेजारचे पोस्टमास्तरकाका आणि काकू होत्या, आणि मी म्हणाले, "वहिनी, तू साबणाचं पाणी घातलंस."

"नाही घातलं, ताई."

"हे बघ, इथे लिहिलंय."

"लिहिलेलं असेल. चिंधीची बादली मी झाडाजवळ नेलीच नाही. आईंची शपथ."

"आईला मध्ये आणू नकोस. तिचंच झाड मारलंस."

दादाने वहिनीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि घड्याळाकडे पाहिले. संध्याकाळी वहिनी त्याला म्हणाली, आणि हे मी स्वयंपाकघरातून ऐकले, "तुमची ती गाडी उभी करायची फरशी घालून टाका मागे. माती राहिली की उद्या आणखी काही मरेल आणि ते माझ्याच नावावर लागेल." दोन वर्षे ती फरशी तिनेच अडवून धरली होती. दादाने मला विचारले. अंगण निम्मे माझे आहे, आईच्या कागदानुसार माझ्या होकाराशिवाय काही करता येत नाही. मी रागाने म्हणाले, "घाल! मला त्या जागेचं तोंड बघायचं नाही." वहिनी मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी माहेरी गेली. फरशीवाला सोमवारी, २५ तारखेला, येतो आहे.

काल, गुरुवारी, या मृत्युपत्रासाठी माझ्या मालकीच्या वस्तूंची यादी करत होते. दोन बादल्या, हिरव्या, असे लिहिले आणि प्रत्येकीची खूण लिहायची म्हणून नळावर गेले. टवक्याची बादली पाहिली. तिला चिंधी नव्हती. दुसरीला होती. मी तिथेच ओल्या दगडावर बसले. सात वर्षे मी परक्यांच्या विहिरींचे, टाक्यांचे, कारखान्यांचे पाणी तपासते आहे. एका वेळी दोन नमुने घेतल्याशिवाय कोणावर ठपका ठेवायचा नाही, हा आमचा पहिला नियम. घरात मी एकच नमुना घेतला, मातीचा. बादली बघितली नाही.

कलम ४. घर आणि अंगण.

घरातला माझा निम्मा हिस्सा दादाला. मागच्या अंगणातला माझा निम्मा हिस्सा वहिनीला, तिच्या एकटीच्या नावावर. इथे मी अट लिहिली होती की तिने फरशी घालू देऊ नये. ती अट मी खोडली आहे आणि खोडल्याची सही बाजूला केली आहे. जिने पाच वर्षे पुन्हा न सांगता नियम पाळला तिला मी मेल्यावर नियम घालून देणार, हे शोभत नाही. पण तिला माती ठेवायची झालीच तर माहिती असावी: वरची वीतभर माती काढून टाकावी, उरलेल्या मातीला महिनाभर भरपूर साधे पाणी द्यावे म्हणजे क्षार खाली जातील, मग खत मिसळून रोप लावावे. कोणते, ते तिने ठरवावे.

कलम ५. खताचा पिंप.

हाही वहिनीला. झाकणाच्या आत नियम लिहून चिकटवले आहेत, तरी पुन्हा: ओल्या सालींवर तितकाच सुका पाला. शिजलेले, तेलकट काही नाही. वास आला तर ओले जास्त झाले आहे, पिंपाला शिव्या देऊ नयेत. दादाने यात दोनदा चहाच्या पिशव्या दोऱ्या-कागदासकट टाकल्या आणि एकदा दाढीचे पाते टाकले. पाते! तो म्हणाला, "लोखंड कुजतंच की." माझ्या उजव्या अंगठ्यावरची खूण त्या कुजणाऱ्या लोखंडाची आहे.

कलम ६. दुरुस्तीची पेटी.

पक्कड, डाग द्यायची सळई, तारा, सुट्या कड्या, अकरा आकारांचे स्क्रू, सगळे दादाला. त्याला हे नको असणार, म्हणूनच देते. पंखा, मिक्सर, इस्त्री यांपैकी काहीही टाकण्याआधी त्याने ते एकदा उघडून बघावे. नुसते उघडावे. या घरातली इस्त्री तेवीस वर्षांची आहे आणि तिला आजवर फक्त वायर बदलावी लागली. मीही एक शिकले, तेही लिहून ठेवते: वस्तू दुरुस्त केली की ती रोज वापरणाऱ्या माणसाला सांगावे. मी सांगितले नाही. मला वाटले, कडीत काय सांगायचे.

कलम ७. पिशव्या.

जुन्या चादरींच्या मी शिवलेल्या सव्वीस पिशव्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांना, प्रत्येकी एक, उरतील त्या पुन्हा त्यांनाच, कारण ते पहिली विसरून येतील. साहेबांना देऊ नये. साहेबांनी पृथ्वी वाचवण्याचा फलक प्लास्टिकमध्ये मढवून प्रत्येक खोलीत लावला, एकूण चौदा, आणि त्याच भिंतींवरची वातानुकूलन यंत्रे खिडक्या उघड्या ठेवून चालवली. मी बटण बंद केले तर म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." घेते. कोणीतरी घ्यायला हवे.

कलम ८. शिल्लक, शिवणयंत्र आणि सायकल.

बँकेतले जे असेल ते दादा आणि वहिनी यांना समसमान. शिवणयंत्र पोस्टमास्तरकाकूंना. सायकल प्रयोगशाळेतल्या मॅडमना, त्या दोन गल्ल्यांसाठी रिक्षा करतात.

कलम ९. जुनी भांडणे.

डावीकडच्या घरातले वकील दर रविवारी वाळका पाला जाळतात. मी चार वेळा मागितला, पिंपासाठी. ते म्हणाले, "पाला माझा आहे." धूर मात्र सगळ्यांचा. त्यांना मी काहीही ठेवत नाही, फक्त हे कलम ठेवते.

धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर हिरवे पान छापणाऱ्यांनाही माफी नाही. त्या पानाकडे बघून वहिनीने एकदा विचारले होते, "ताई, हे झाडांना चालतं का हो?" मी म्हणाले होते, "छापलेलं काही खरं मानू नकोस." पुढे मीच एक छापील कागद तिच्या तोंडासमोर धरला.

माझ्यावर राग धरण्याचा हक्क मी वहिनीला देते. त्याला मुदत नाही.

कलम १०. माझ्यानंतर.

डोळे दान करावेत, अर्ज कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. प्लास्टिकच्या वेष्टणातली फुले कोणी आणू नयेत. माझे कपडे धड आहेत ते वाटावेत, फाटके आहेत त्यांच्या पुसण्या कराव्यात. एक चिंधी वेगळी ठेवावी. टवक्याच्या बादलीला.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी प्रयोगशाळेतल्या मॅडमना नेमते. सायकल त्यांना दिल्यामुळे त्यांची साक्ष घेतलेली नाही. काकूंना शिवणयंत्र दिले होते तेही काकांची साक्ष हवी म्हणून खोडले आहे, ते वहिनीला जाईल. काकू रुसल्या आहेत.

सही (मोजपट्टी म्हणतात ती, धाकटी बहीण आणि नणंद)

साक्षीदार १: उजवीकडच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर
साक्षीदार २: कोपऱ्यावरची चष्मे करून देणारी बाई

स्थळ: मागच्या दाराची पायरी
दिनांक: शुक्रवार, २२ मे २०२६

सहीनंतरची जोड, दोन्ही साक्षीदारांसमोर:

काकांनी सही करण्याआधी चष्मा लावून सगळे वाचले. मग म्हणाले, "पोरी, हे तू गेल्यावर तिला वाचून दाखवायचं?"

"हो. मृत्युपत्र तसंच असतं."

"आणि खडे काढून तू ठणठणीत घरी आलीस तर?"

चष्मेवाली म्हणाली, "तर तोवर फरशी वाळलेली असेल, दुसरं काय."

म्हणून लिहिते. फरशीला दिलेला होकार मी या क्षणापासून मागे घेते, आणि तसे दादाला आताच फोनवर सांगितले आहे. तो म्हणाला, "मोजपट्टी, अगं माणसाला आगाऊ दिलेत मी!" ते माझ्या हिश्श्यातून कापावेत. कलम ३ मात्र फोनवर सांगायचे नाही. ठपका अंगणात उभे राहून ठेवला, दादासमोर, काका-काकूंसमोर. तो तिथेच, त्याच माणसांसमोर, दोन्ही बादल्या मध्ये ठेवून उचलायचा. वहिनी मग फरशीच हवी म्हणाली, तर तिच्या शब्दाला माझा होकार, आणि त्या होकाराला कुरकूर जोडलेली नसेल. दादा तिला आणायला उद्या जातो आहे. परतीची गाडी रविवारी सकाळी नऊला पोचते.

ठपका उचलण्याची वेळ: रविवार, २४ मे २०२६, सकाळी साडेनऊ.