बाराव्या खेळाडूचं म्हणणं

अण्णा,

"तू माझी मुलगी आहेस, म्हणून तू बारावी," असं तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणालात, तेव्हा आई पोह्यांवर कोथिंबीर घालत होती आणि तिचा हात तसाच थांबला. बाहेरच्या खोलीतल्या पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तुम्ही आवाज खाली घेतला होता. कॉलनीच्या मुलींच्या क्रिकेट संघात अकराजणी खेळणार होत्या आणि मी त्यांना पाणी नेऊन देणार होते. मी नववीत होते. आमच्यात सगळ्यांत चांगली बॉलिंग मी टाकायची, हे खालच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनासुद्धा माहीत होतं. तुम्ही पुढे काही बोलाल म्हणून मी वाट पाहिली. तुम्ही पोह्यांच्या दोन बश्या उचलल्या आणि बाहेर गेलात.

त्या हिवाळ्यात तुमचं मन आधीच दुखावलेलं होतं. परदेश दौऱ्यावर जाणारा संघ निवडताना देशाचा कप्तान बदलला होता. जुना गेला आणि मुंबईचा, आपल्या भाषेचा, नवा आला. निवड समितीवर तुमचा राग तसा जुनाच. प्रत्येकजण आपल्या प्रांताचं नाव खिशात घालून येतो, खेळ कुणी बघत नाही, कुणाला का घेतलं आणि का काढलं हे देशाला सांगायची पद्धतच नाही, असं तुम्ही रोज संध्याकाळी जिन्यात उभं राहून बोलायचात. ऐकायला खालच्या मजल्यावरचे जेठू असायचे. मी त्यांना जेठू म्हणायची, म्हणजे थोरले काका. कलकत्त्यात गार्डन रीचला, रेल्वेच्या तुमच्याच अकाउंट्स ऑफिसात, तुमच्याहून थोडे सीनियर. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. ती तुम्हाला 'काकू' म्हणायची, कारण बंगालीत काकांना तसंच म्हणतात, आणि आईला दर वेळी नव्यानं हसू यायचं. तुमचं दोघांचं बोलणं हिंदी, बंगाली आणि इंग्रजी मिळून झालेल्या भाषेत चालायचं. मला ते मराठीतच आठवतं. "नावं तर आमच्याही खिशात असतात हो," जेठू म्हणायचे, "पण बंगालचा खिसाच कुणी आत सोडत नाही."

तर कप्तान बदलल्याची बातमी आली त्या सकाळी जेठू संदेशचा डबा घेऊन वर आले. तुम्ही दाढी करताय, अर्धा गाल साबणाचा.

"घ्या मोशाय, तोंड गोड करा. तुमचं राज्य आलं."

"माझं कसलं राज्य, दादा? माझा कप्तान काढला."

"तो तुमचा कधी झाला? तुमचा तर हा आला."

"हा माझ्या भाषेचा आहे. माझा तो होता."

जेठू आईला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे; ते तिच्याकडे वळले. "बौदी, ह्यांना ताप आहे का ते बघा."

आईनं डबा घेतला, त्यांना चहा दिला. तुम्ही संदेशला हात लावला नाहीत. तुमचा आनंद व्हायला हवा होता आणि तो होत नव्हता, याचा तुम्हाला स्वतःलाच त्रास होत होता, असं आता वाटतं. जुन्या कप्तानाला तुम्ही ईडनवर चेंडूमागे धावताना बघितलं होतं. ते धावणं कसं होतं हे सांगताना तुम्ही बैठकीतल्या सतरंजीवरून खरोखर धावायचात.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या बसमध्ये मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "बर्गी परत आले." बर्गी म्हणजे आपण, म्हणजे कधी काळी बंगालवर स्वाऱ्या करणारे मराठे, तिकडे अजून लहान मुलांना झोपवताना त्यांची भीती घालतात. जेठूंचं वडिलोपार्जित घर बागबाजारात. तुमच्या लोकांच्या भीतीनं खणलेल्या खंदकाच्या काठावर मी जन्मलो, असं ते तुम्हाला किती वेळा चिडवायचे, आणि तुम्ही किती हसायचात. बसमध्ये तुम्ही हसला नाहीत. घरी येऊन चप्पल काढता काढता आईला ते सांगितलंत आणि "थट्टाच असेल," असंही म्हणालात. पण शहर तेव्हा ठीक नव्हतं. भिंती घोषणांनी भरलेल्या होत्या, अंधार पडायच्या आत सगळे घरी येत, आणि थट्टा कुठे संपते हे आपल्यासारख्या बाहेरून बदलून आलेल्या माणसांना नक्की कळत नसे.

अशात रेल्वे इन्स्टिट्यूटनं मुलींचा सामना ठरवला, आपली कॉलनी विरुद्ध पलीकडची. स्पोर्ट्स सेक्रेटरी पंजाबी होते, दमलेले, विनोदी गृहस्थ. जेठू त्यांना म्हणाले, "हे मोशाय रोज निवड समितीला शिव्या देतात. यांनाच करा समिती." सेक्रेटरींनी तुम्हाला घेतलं आणि शिक्षा म्हणून जेठूंनाही घेतलं. तिसरे ते स्वतः. बैठक आपल्या घरी. मी आणि आई स्वयंपाकघरात, कान बाहेर.

कप्तान कोण, यावर तुमची आणि जेठूंची जुंपली. ऐकताना आधी मला काही कळेना. तुम्ही जेठूंच्या मुलीसाठी भांडत होतात आणि जेठू माझ्यासाठी.

"तुमची मुलगी शांत डोक्याची आहे, दादा. कप्तान तीच."

"माझी मुलगी चेंडू आला की डोळे मिटते. तुमची वाघीण आहे. तुमच्याच मुलीला करा."

"मी असताना माझी मुलगी कप्तान होणार नाही."

"आणि मी असताना माझी होईल?"

"आप दोनों का हो गया?" सेक्रेटरी म्हणाले. "सफ़ेद जूते किसके पास हैं?"

पांढरे बूट जेठूंच्या मुलीकडे होते. ती कप्तान झाली. मला त्याचं काही वाटलं नाही. ती माझी मैत्रीण होती आणि खरंच शांत डोक्याची होती. मग नावं सांगायला सुरुवात झाली. तुम्ही अकरा नावं सांगितलीत आणि त्यात माझं नव्हतं. जेठू ओरडले. सेक्रेटरी म्हणाले, "साहब, बच्ची रो पड़ेगी." तुम्ही म्हणालात, ती माझी मुलगी आहे, ती रडणार नाही. आणि उठून आत आलात, पोहे न्यायला आणि मला सांगायला.

मी रडले नाही, हे तुमचं बरोबर निघालं.

सामन्याच्या दिवशी मी कडेला शामियान्यात बसले आहे, पाण्याचा जग शेजारी. समोरच्या दोघी खेळपट्टीवर मुक्काम ठोकल्यासारख्या खेळताहेत. कॅम्बिसचा चेंडू, म्हणजे आपण टेनिसचा म्हणतो तो, चिखलात पडून जड झालाय, आणि अशा चेंडूनं मला काय करता येतं ते मला माहीत आहे. तेवढ्यात आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला आणि मी तिच्या जागी आत गेले. कप्तान माझ्याकडे आली, चेंडू फ्रॉकला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "टाक," म्हणाली. अंपायर सेक्रेटरीच होते. त्यांनी आभाळाकडे बघितलं. खरंच, त्यांनी मान वर करून कावळे बघायला सुरुवात केली.

आणि तुम्ही शामियान्यातून चालत मैदानात आलात. धावत नाही, चालत. सगळी कॉलनी बघत होती. "बारावा खेळाडू बदली आला तर फक्त फील्डिंग करतो," तुम्ही म्हणालात. "त्याला बॉलिंग करता येत नाही."

"साहब, ये कोई टेस्ट मैच है?"

"नियम सगळीकडे तोच."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मी चेंडू कप्तानाला परत दिला. आम्ही हरलो. पलीकडच्या कॉलनीच्या मुलींनीच आम्हाला संत्री दिली.

त्या मोसमात नवा कप्तान परदेशात जिंकून आला. जेठू पुन्हा जिना चढून आले आणि म्हणाले, आता तरी? तुम्ही म्हणालात, "जिंकला याचा मला आनंद आहे. पण जिंकला म्हणून निवड बरोबर होती असं होत नाही." जेठूंनी कपाळाला हात लावला. मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते. मनाशी म्हटलं, आणि आम्ही हरलो म्हणून तुमची चुकली असंही होत नाही, म्हणजे तुम्ही सुटलात.

मी मनात एक गोष्ट धरून बसले, अण्णा, आणि ती इतकी लहान होती की कुणाला सांगण्यासारखी नव्हती. बाकीची सगळी कारणं मला कळत होती. लोक काय म्हणतील, बस, बर्गी, तुमची तत्त्वं. पण त्या सगळ्याच्या तळाशी मला वाटत होतं की तुम्हाला मी मुळात तेवढी चांगली वाटलेच नाही. चांगली वाटले असते तर तुम्हाला राहवलं नसतं. जुन्या कप्तानासाठी जो माणूस सतरंजीवरून धावतो, त्याला माझ्यासाठी जागचं हलता आलं असतं. तुमची बदली झाली, आपण पुण्याला आलो, माझी पहिली कथा छापून आली. ती वाचून तुम्ही म्हणालात, "शेवट ठीक आहे." मी ते 'ठीक' कित्येक महिने उलटसुलट करून बघितलं. मग तुम्ही गेलात आणि विचारायला कुणी उरलं नाही. मी लिहीत राहिले. दर पुस्तकाच्या वेळी, कुणी चांगलं म्हटलं की आधी मनात यायचं, हे माझ्या ओळखीचे आहेत म्हणून तर म्हणत नाहीत ना.

गेल्या आठवड्यात कामासाठी कलकत्त्याला आले आणि बागबाजारला जेठूंकडे गेले. फार म्हातारे झालेत. भर दुपारी माकडटोपी घालून उन्हात बसले होते. मला ओळखलं, आणि पहिलंच वाक्य, "काय ग बर्गी, यावेळचा संघ बघितलास? गाढवं बसवली आहेत समितीत." मग तासभर तेच. कप्तानाला फील्डिंग लावता येत नाही, डावखुऱ्याला उगाच काढलं, आमच्या बंगालच्या पोराला पुन्हा पाणी न्यायला ठेवलंय. मी म्हटलं, पाणी नेण्याबद्दल मला सांगू नका. ते हसायला लागले आणि खोकल्यावर थांबले.

मी म्हटलं, "जेठू, तुम्ही तेव्हा माझ्यासाठी भांडलात. ते मी विसरलेले नाही."

ते म्हणाले, "खरं सांगू? तुझी बॉलिंग मी कधी नीट बघितलीच नव्हती."

"मग वाघीण कशाला म्हणालात?"

"काहीतरी म्हणायला हवं होतं. माझी मुलगी कप्तान झाली असती तर लोक म्हणाले असते, बापानं केली. ते मला नको होतं. तूच एक बाहेरची होतीस." मग त्यांनी टोपी वर सरकवली. "बघायचा तो तुझा बाप. रोज संध्याकाळी गॅलरीत कपड्यांच्या दोरीमागे उभा राहून. मला हाताला धरून न्यायचा. म्हणायचा, दादा, तो बघा, हा आत येणार. आणि तो बाहेर जायचा. मग म्हणायचा, मला माझ्याच मुलीचा चेंडू कळत नाही, आणि असा हसायचा. मला काय, मला चेंडू दिसायचाही नाही तिथून."

"मग मला घेतलं का नाही?"

"तेच विचारलं मी त्याला. म्हणाला, हिच्या हातून एक चौकार गेला की मैदानात कुणीतरी हिला ते म्हणेल, बसमध्ये मला म्हणाले ते. मला म्हटलेलं चालतं, म्हणाला. मी त्याला सांगितलं, अरे मूर्खा, ती मुलगी तुझ्यापेक्षा निबर आहे." जेठूंनी माझ्याकडे बघितलं. "होतीस ना?"

होते, अण्णा. लोकांना मला ते म्हणू द्यायला हवं होतंत. मी त्यावर पुढचा चेंडू टाकला असता.

त्यांच्याकडून निघाले ते सरळ गंगेच्या घाटावर जाऊन बसले. वाईट वाटेल अशी तयारी केली होती. तसं काही झालं नाही. कुणीतरी पाठीवरचं दप्तर काढून घ्यावं तसे खांदे रिकामे झाले. ज्यांनी मला मत दिलं त्यांनी मला खेळताना कधी नीट पाहिलं नव्हतं, आणि ज्यांनी मला काढलं ते रोज दोरीमागे उभे होते. तुम्ही चुकलात. मी आता हे शांतपणे लिहू शकते, कारण तुमची चूक कुठे होती ते मला कळलं, आणि ती मी जिथे शोधत होते तिथे नव्हती. समोर एक बाई पितळी कळशी घासत होती, आणि मी इतकी मोकळी हसले की तिनं वळून बघितलं.

हे पत्र मी इथल्या गेस्ट हाउसच्या खोलीत दुपारी लिहिते आहे. ते कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे ठरलेलंच आहे. एक कबुली तेवढी देते. 'शेवट ठीक आहे' हे तुम्ही खरंच म्हणाला होतात, आणि त्या कथेचा शेवट खरंच फक्त ठीक होता. मला ते तेव्हाही माहीत होतं.

आणि एक मागणं आहे. तुम्ही जिथे असाल तिथे कधी माझी गोष्ट निघाली, चारजणांत, तर एकदा माझ्या बाजूनं पक्षपात करा. मी लायक आहे की नाही ते बघू नका, नियम बघू नका, माझी मुलगी आहे म्हणून घ्या, एवढंच म्हणा. तुम्ही नाही म्हणाल. कदाचित माझ्याकडे न बघता म्हणाल. तरी मी मागून ठेवते.