उलटा बसवलेला पंखा

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मंगळवारी दुकानात आलं. दोन वर्षांत तू स्वतःहून लिहिलेलं हे पहिलंच, म्हणून हातातली पंपाची मोटार तशीच उघडी ठेवली आणि तेलकट बोटांनीच पाकीट फोडलं. वाटलं, ताईची आठवण झाली. आत खुशालीच्या दोन ओळी आणि पानभर प्रश्न. वेधशाळेतल्या कुणा मित्राची दुर्बीण आहे, आरसा थंड करायला मागे तीन पंखे आहेत, तिकडच्या थंडीत त्यांना कोणती बॅटरी लावावी. सोबत पट्टी धरून काढलेली आकृती. म्हणजे आठवण ताईची नाही, मिस्त्रीची झाली. असू दे. विचारलंस तर सांगते, चुकीचा माल कुणाच्या गळ्यात मारायची मला सवय नाही.

तीन पंखे मिळून अर्धा अँपिअर खातात. संध्याकाळपासून सहा तास चालवायचे तर तीन अँपिअर-तास पुरायला हवेत, पण थंडी आपला वाटा आधीच काढून घेते, तेव्हा सातची घे. लेड-अॅसिडची पेटी स्वस्त पडेल, पण गोठवणाऱ्या हवेत ती जवळपास निम्म्यावर येते आणि डोंगर चढताना कंबर मोडते ती वेगळीच. बारा व्होल्टची लिथियम फॉस्फेटची घे, थंडीत ती बऱ्यापैकी तग धरते. फक्त पारा शून्याखाली असताना तिला चार्जिंगला लावू नकोस. घरात आण, दोन-तीन तास ऊब लागू दे, मग लाव. गारठलेली बॅटरी तशीच चार्ज केली तर बाहेरून काही दिसत नाही, आकडेही सुरुवातीला नीट येतात, पण आतून ती कायमची बिघडते. असल्या कितीतरी माझ्याकडे येतात.

पंख्यांचं नाव काढलंस आणि आपल्या दुर्बिणीचा आरसा डोळ्यांपुढे आला. मागच्या खोलीत पिंपावर ठेवून, त्याभोवती गोल गोल फिरत अकरा महिने ती दहा इंची काच घासली आपण. आई त्या खोलीला गिरणी म्हणायची आणि पीठ कधी मिळणार म्हणून विचारायची. तू मापं घ्यायचास, गणितं करायचास. घासणं बहुतेक माझ्याकडे, कारण तुझे हात अर्ध्या तासात भरून यायचे. माझं मनगट तेव्हा धरलं ते अजून सुटलेलं नाही. पान्हा फिरवताना कळ येते.

आणि माझा तो पराक्रम. घाईघाईत तिसरा पंखा उलट्या तोंडाने बसवला मी. टिश्यूच्या पट्ट्या लावून हवा पाहिली, तर दोन पट्ट्या आत आणि तिसरी बाहेर. हसून हसून तू जमिनीवर बसलास. मी पंखा काढायला गेले तर तूच हात धरलास, थर्मामीटर लावलास, आणि आरसा आधीपेक्षा दहा मिनिटं लवकर थंड झाला. मग दोघांनी मिळून ठरवलं, राहू दे ताईची चूक.

चकाकीचा अॅल्युमिनियमचा लेप चढवून आरसा कारखान्यातून परत आला त्याच आठवड्यात तू दुर्बीण घेऊन एकटाच डोंगरावर गेलास. मला एका गिऱ्हाइकाची मोटार द्यायची होती. म्हणालास, आधी जुळवून बघतो, पुढच्या शनिवारी पहिली नजर तुझीच. परत आलास तो रिकाम्या हातांनी. म्हणालास, हातातून सुटली, दरीत गेली, एक तुकडासुद्धा मिळाला नाही. मी तुलाच जवळ घेतलं रे. दोन दिवस तू ताटाला शिवला नाहीस म्हणून हाताने भरवलं. महिन्याभरात तुला वेधशाळेत नोकरी लागली तेव्हा वाटलं, चला, पोराच्या मनासारखं काहीतरी झालं.

तुझी आकृती मी चार वेळा पाहिली. दोन पंख्यांचे बाण आत, तिसऱ्याचा बाहेर. धाकट्या, असा पंखा कुणी मुद्दाम बसवत नाही. तो माझा धांदरटपणा आहे, मी तो कुठेही ओळखेन. मग वेधशाळेत फोन करून पाहुणी म्हणून चौकशी केली. तिथल्या बाई फार कौतुकाने बोलल्या तुझ्याबद्दल. एकट्याने घासलेला आरसा दाखवलास म्हणून तर तुला घेतलं म्हणे, आणि आता दर शनिवारी लोक रांग लावून त्यातून चंद्रावरचे खड्डे बघतात. इतक्या लोकांनी पाहिलं. मीच तेवढी राहिले.

मागितला असतास तर दिला असता. माझं नाव घेऊ नकोस, तुझ्या नोकरीच्या आड येईल, असंही वर म्हटलं असतं, इतकी वेडी आहे मी. तू मात्र केसाने गळा कापलास, आणि तो कापताना माझ्याच हातून घास खाल्लास. आरशापेक्षा मला तो घास जास्त लागला आहे.

आता हे पत्र का, ते ऐक. बॅटरी मी आणली आहे आणि पूर्ण चार्ज करून ठेवली आहे. पोस्टाने पाठवणार नाही. या शनिवारी मफलरमध्ये गुंडाळून, पोटाशी धरून मीच घेऊन येते. उजेड असतानाच पंखे जोडून देईन आणि इतरांसारखी रांगेत उभी राहीन, सगळ्यांत शेवटी. माझी पाळी आली की जमलेल्या लोकांना तू सांगायचंस, तिसरा पंखा उलटा का आहे आणि तो कुणी बसवला. तुझ्याच्याने नाही झालं तर मी डोळा लावून एकदा बघेन, बॅटरी तिथेच ठेवेन आणि खाली उतरेन. पुढच्या थंडीत काही विचारायचं झालं तर मग दुसरा मिस्त्री शोध.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
ताई